पांढऱ्या भिंतीवरचं सारवण

अप्पा, तुम्ही आईला मारलंत ती दुपार मला परवा पुन्हा आठवली, आणि तीसुद्धा नातीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकामुळे. तिची परीक्षा आहे. परदेशी सरकारी मदत कशाला म्हणायचं ते तिनं मला विचारलं. मी जन्मभर शाळेत हेच शिकवलं, म्हणून तोंडपाठ सांगितलं. श्रीमंत देशाच्या सरकारनं गरीब देशाच्या भल्यासाठी फुकट किंवा अगदी कमी व्याजानं दिलेलं ते मदतीत धरायचं. तोफा-बंदुका दिल्या तर त्या धरायच्या नाहीत, व्यापाऱ्यानं नफ्यासाठी घातलेला पैसा धरायचा नाही. डास मारायच्या औषधाचे डबे धरायचे, ते फवारायला शिकवणाऱ्या गोऱ्या साहेबाचा पगारही धरायचा. "आणि फवारणाऱ्याचा?" पोरगी म्हणाली. तो आपलं सरकार देतं, तो कसा धरायचा, मी म्हणाले. ती लिहून मोकळी झाली. मी मात्र त्या रात्री हा कागद लिहायला घेतला.

तुम्ही सरकारी खात्यात हिवतापाचं औषध फवारणारे, आणि तुम्हाला त्या डब्यांचा केवढा अभिमान! डब्यावर दोन हातांचं चित्र होतं, एकमेकांत घट्ट धरलेले. तुम्ही रिकामा डबा घरी आणलात आणि चुलीजवळ बसून आईला समजावलंत, "ही भीक न्हाई, मदत हाय. त्यांच्या सरकारानं आपल्या सरकाराला दिल्याली." आई भाकरी थापत म्हणाली, "बरं हाय की. दोघांनीबी एकामेकाचे हात धरून ठेवल्यात, म्हंजे मारामारी हुयाची न्हाई." तुम्ही हसला नाहीत. त्या बाबतीत तुम्ही कधीच हसत नव्हता. माझी थोरली बहीण तापानं गेली होती, आणि धाकट्या भावाचं पोट पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून टम्म फुगलेलं होतं. तेव्हा सुपे तालुक्यात बदली झाली की कारकून ह्या तापाच्या भीतीनं बायकोला माहेरी पाठवून एकटे यायचे. डास म्हटलं की तुमच्या डोळ्यांत रक्त उतरायचं. तुम्ही पंप खांद्याला लावून रानातल्या वाड्या पालथ्या घालत होता. ज्या भिंतीवर औषध मारलं त्या भिंतीवर डास बसला की मेला, एवढं साधं शास्त्र. फक्त भिंतीला नंतर हात लावायचा नाही.

आणि आमच्याकडच्या बायका नेमकं तेच करायच्या. औषध वाळलं की मातीच्या भिंतीवर पांढरे ओघळ उठत. सण तोंडावर आला की कुठली बाई असल्या भिंतीपुढे दिवा लावील? शेण-माती कालवून दुसऱ्या दिवशी सगळं सारवून टाकायच्या. औषध आत, शेण वर, आणि डास मजेत. गणेशगुडीच्या पलीकडच्या एका वाडीत तुम्ही सारवणाऱ्या बाईच्या हातातलं मडकं हिसकावून तिच्याच उंबऱ्यावर फोडलंत. तिच्या दिरांनी तुम्हाला अंगणात पाडून काठ्यांनी झोडपलं. एक डोळा मिटलेला आणि ओठ फाटलेला असे तुम्ही घरी आलात, आणि वर ऐटीत सांगितलंत, "मार खाल्लो, पर घराला औषध मारूनच आलो." आईनं हळद गरम करून लावली. "मदत हाय न्हवं?" ती म्हणाली, "मग भिंत कुणाची हाय त्ये आदी इचारायचं." तुम्ही तिचा हात झिडकारलात. मला तेव्हा तुम्ही शूर वाटला होता.

दिवाळीत तुम्ही फिरतीवर होता. आईनं आपल्या भिंती सारवल्या. सगळ्या, वरपासून खालपर्यंत, आणि चुन्याची बोटंसुद्धा उठवली. तुम्ही तालुक्याला जे ओरडून सांगत फिरत होता ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. "लेक गेली त्या साली घर असंच भुंडं ऱ्हायलं हुतं," एवढंच ती म्हणाली. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी धाकट्याला हुडहुडी भरली. दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते.

तुम्ही भर दुपारी येता. पोराच्या कपाळाला हात लावता, मग उठून भिंतीपाशी जाता आणि नखानं सारवण खरवडता. पोपडा पडतो, आतून पांढरं दिसतं.  पंपाची पितळी नळी उचलता आणि आईच्या डोक्यावर घालता. पहिला घाव कानावर बसतो. दुसरा तिनं वर केलेल्या हातावर. ती पडते तरी तुम्ही मारत राहता, पाठीवर, कमरेवर, आणि प्रत्येक घावाला ओरडता, "पोरगी खाल्लीस, आता ह्यालाबी खा!" "साकु करा," ती म्हणते, पुरे करा, पुरे करा. तिच्या कानातून रक्त येऊन सारवलेल्या जमिनीवर सांडतं. मी धावत जाऊन तुमच्या मनगटाला चावले. कातडी फाटेपर्यंत चावले. रक्ताची आणि त्या औषधाची अशी कडू घाण चव तोंडात आली, की आजही नुसतं आठवून थुंकावंसं वाटतं. तुम्ही मला झटकलंत, मी दारावर आपटले. मग नळी टाकून तुम्ही धाकट्याला खांद्यावर घेतलंत आणि सुप्याच्या दवाखान्याकडे पळत सुटलात. वाटेत कुठे थांबला नाहीत म्हणे. दवाखान्यात पोचलात तेव्हा मनगट ठिबकतच होतं.

पोर जगलं. आल्या आल्या तुम्ही भिंती पुन्हा पांढऱ्या केल्यात. आईनं त्यानंतर फक्त जमीन सारवली, भिंतीला कधी हात लावला नाही. तो कान कायमचा गेला. तुम्ही बोलायला लागलात की ती मुद्दाम तोच कान तुमच्याकडे करून बसायची, तुमच्या लक्षात आलं होतं का? आलंच असणार. तरी तुम्ही बोलत राहायचा.

आता सुपंच धरणाखाली गेलं, आपलं घरही गेलं. तो ताप तालुक्यातून हटला, हे खरं आहे. कुणाच्या तरी हिशोबात ते डबे मदत म्हणून मांडलेले असतील, साहेबाचा पगारही असेल. आईचा कान कुठे मांडायचा? तुम्ही वाडीत खाल्लेला मार कुठे? ज्या बायकांना कुणी काही विचारलं नाही त्यांच्या भिंती कुठे? हे मी नातीला विचारलं असतं तर परीक्षेत नापास झाली असती बिचारी. मला तुमचा राग येतो, अप्पा, अजून येतो. हातात तेव्हा नळी असती तर मी तुमच्यावर चालवली असती.

धाकटा आता आजोबा झालाय. तुमच्यासारखाच चालतो, खांदा एका बाजूला पाडून. हा कागद मी त्याला दाखवणार नाही, त्याला त्या दुपारचं काही आठवत नाही आणि आठवू नये. शाळेत हा धडा आला की मी दर वर्षी पोरांना सांगायची, माझा भाऊ परदेशी मदतीमुळे वाचला. पोरांना ते आवडायचं. त्याला खांद्यावर घेऊन पळत सुटलेल्या माणसाचं नाव मात्र माझ्या तोंडून कधी निघालं नाही, आणि आजही निघत नाही.