चौकट खोटं बोलत नाही

१ तारीख, शनिवार
आजपासून रोजनिशी. ऑफिसची गेल्या वर्षीची डायरी कोरी पडली होती, ती घेतली. वार जुळत नाहीत. खोडून लिहीन.

यंदा मुलांच्या शाळेची खरेदी मी स्वतः करणार. जेवताना जाहीर केलं. दरवर्षी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुकानात चेंगराचेंगरी. धाकटा हरवतो, थोरलीला दोन्ही बूट डाव्या पायाचे मिळतात. कारण एकच. नियोजन नाही, मोजमाप नाही. ही म्हणाली, करा. आणि ताटं उचलायला लागली. एवढ्या मोठ्या निर्णयावर बायकोनं थोडं तरी बोलायला हवं.

वजनमापं खात्यात निरीक्षक आहे मी. आजच एका दुकानदाराच्या काट्याच्या ताटलीखाली चिकटवलेला लोखंडाचा तुकडा काढला. म्हटलं, पारड्यात काय आहे ते मागून बघ, आधी काटा शून्यावर आहे का ते बघ. हे वाक्य मी दिवसातून कितीदा बोलतो. पालथ्या घड्यावर पाणी.

२ तारीख, रविवार. सकाळी
नव्या फरशीवरचा पहिला रविवार. जुनी जाड फरशी मसाल्यासकट उखडायची, तिच्या जागी नवी पातळ बसवायची, ही कल्पना माझी. धूळ झाली, ठोकाठोक झाली. दारांना तेवढ्या खालून पट्ट्या जोडाव्या लागल्या. पूर्वी स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्याला ठेच लागायची. आता उंबराच काढून टाकला. घर कसं सपाट, सुटसुटीत झालंय. येणारे-जाणारे बघत राहतात. (अजून कोणी आलेलं नाही.)

रविवार. संध्याकाळी
चौकटीवरची मोजणी. आमच्याकडे दरवर्षी शाळेआधी मुलांना बैठकीच्या दाराशी उभं करतो, डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवून चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारतो, शेजारी उंचीचा आकडा. खात्याची शिस्त घरात.

थोरलीला आम्ही लवंगी म्हणतो. वर्गात सगळ्यांत बुटकी. नाव मीच ठेवलं. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग असते आणि लवंगी पहिलीपासून रांगेत पहिली. मोठ्या बाईंच्या अगदी पुढ्यात. जांभई आली तरी गिळावी लागते म्हणते. यंदा तिला दुसरी उभं राहायचंय. एवढीच मागणी. त्यासाठी सुट्टीभर नाक दाबून दूध प्यायली, गच्चीतल्या गजाला लोंबकळली.

डोळे मिटून ताठ उभी राहिली. रेघ मारली. गेल्या वर्षीच्या रेघेच्या केसभर खाली! पुन्हा मारली. तिथेच. टेप लावायची गरजच नव्हती. रेघ रेघेच्या खाली आहे म्हणजे आहे.

म्हणाली, बाबा, नीट बघा ना. मी म्हणालो, बाळा, एक वेळ मी चुकेन, चौकट खोटं बोलत नाही. ती गच्चीत निघून गेली, बराच वेळ आली नाही. वाईट वाटलं. पण मापात पाप माझ्याच्यानं होत नाही, पोटच्या पोरीसाठीसुद्धा.

धाकटाही जिथल्या तिथे. निष्कर्ष: मुलांची वाढ यंदा थांबली आहे. खरेदीच्या दृष्टीनं फार सोयीचं.

४ तारीख, मंगळवार
ऑफिसातून परस्पर दुकानात जाऊन सगळी खरेदी उरकली. मुलांना न्यावंच लागलं नाही! गेल्या वर्षीचे नंबर, गेल्या वर्षीची मापं. दोघांचे बूट, मोजे, शर्ट, लवंगीचे स्कर्ट, धाकट्याच्या हाफ पँट. सेल होता. "माल बदलून मिळणार नाही" अशी पाटी होती. ज्याला माप ठाऊक आहे त्याला बदलायचं काय कारण?

लवंगीनं जाड टाचेचे बूट सांगितले होते. आणले नाहीत. टाच लावून उंची वाढवणं आणि ताटलीखाली लोखंड चिकटवणं यात फरक काय? तिला समजावून सांगितलं. मान हलवली. समजूतदार आहे.

पिशव्या कपाटात. हिनं विचारलं, घालून बघितलं का पोरांना? मी नुसता हसलो.

५ तारीख, बुधवार
सहज स्वतःला चौकटीशी लावून बघितलं. माझीही जुनी रेघ आहे. चार बोटं कमी!! पुन्हा बघितलं. चार बोटं. खुर्चीवरचं काम, दुसरं काय. मणके दबतात. उद्यापासून गजाला लोंबकळणे. कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या.

हिलाही मोजतो म्हटलं तर म्हणाली, मला वेळ नाही, ओट्याशी हात उचलून उचलून खांदे धरलेत, हल्ली ओटा वर गेल्यासारखा वाटतो. तपासला. ओटा जागच्या जागी. म्हणजे हीसुद्धा आटली. घरात सगळेच आटतायत. तिला अजून बोललो नाही.

६ तारीख, गुरुवार
लोंबकळलो. खांदा दुखावला. उद्या विश्रांती.

८ तारीख, शनिवार
मुलांना गणवेश घालून बघितले. बारीकसारीक अडचणी.

बूट लवंगीच्या पायात टाचेपर्यंतच जातात. सुट्टीत अनवाणी हिंडलं की पाय पसरतात, हे सर्वांना माहीत आहे. स्कर्ट गुडघ्याच्या बराच वर. कापड आटलं असणार. ही म्हणाली, धुतलं कुठे अजून? न धुताही आटतं. हवेनं. धाकट्याच्या पँटचं बटण लावलं, तो शिंकला, बटण उडून कपाटाखाली गेलं. शिलाई कच्ची.

ही म्हणाली, अहो, पोरांकडे बघा की जरा, चौकटीकडे काय बघताय. मी शांतपणे रेघा दाखवल्या. म्हणाली, उंटावरचे शहाणे आहात. भावनेच्या भरात माणसं पुरावा बघत नाहीत.

उपाय: बुटांत ओल्या कागदाचे बोळे कोंबून रात्रभर ठेवणे.

९ तारीख, रविवार
बोळे सुकले, निघेनात. सांडशीनं काढले. बूट तेवढेच, अस्तर बाहेर आलं. मग मूठ घालून सैल करायला गेलो. मूठ आत गेली. परत यायला वेळ लागला. दोन्ही मुलं हसली. लवंगीसुद्धा. गेल्या रविवारपासून पहिल्यांदाच.

११ तारीख, मंगळवार
लक्षात आलं! बूटवाल्याचे नंबरच खोटे. लहान बुटावर मोठा नंबर छापतात. लवंगीला घेऊन थेट दुकानात गेलो. आता गर्दी होतीच. अर्धं गाव एका पायात बूट घालून उभं. बूटवाल्यानं बोलायच्या आधी पाटीकडे बोट दाखवलं. मी ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, साहेब, पोरीचा पाय तरी बघू द्या. लाकडी फळीवर तिचा पाय ठेवला आणि म्हणाला, दोन नंबर मोठा लागेल.

लवंगीचा चेहरा एकदम उजळला. माझा हात ओढून विचारलं, बाबा, म्हणजे माझे पाय वाढले?

मी फळी उलटी करून बघितली. खात्याचा शिक्का नाही. कड झिजलेली. मला आणखी काय हवं होतं? चारचौघांत त्याला ऐकवलं. फळी जप्त करीन म्हणालो. तो म्हणाला, न्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

लवंगी उत्तराची वाट बघत होती. खोटी आशा लावणं मला जमत नाही. म्हणालो, उंची न वाढता नुसते पाय वाढत नसतात बाळा. सुजले असतील.

परत निघालो. पुढे पुढे चालत होती, पायांकडे बघत.

१३ तारीख, गुरुवार
न्हाणीघरात सारखं पाणी सांडलेलं. बादली अर्धी भरून ठेवलेली. नवी फरशी, घसरून कोणी पडलं तर? दोन्ही मुलांना पाण्याच्या नासाडीबद्दल बोललो. धाकटा काहीतरी सांगणार होता, लवंगीनं त्याला चिमटा काढला. काहीतरी खेळ असणार.

कॅल्शियम चालू. रेघ तिथेच.

१५ तारीख, शनिवार
ही सकाळपासून स्कर्टची मुडप उसवत बसली आहे. आत दुमडलेलं सगळं कापड सोडलं, तरी गुडघे बाहेरच. म्हणाली, बाजारात जाऊन येते. मी म्हणालो, सोमवारपर्यंत थांब, मुलांना बूट पायात घालायची सवय होऊ दे, मी जबाबदारी घेतली आहे. तिनं दोरा तोडला. मग सुई ठेवून दिली. म्हणाली, सोमवारी बघूच.

खरं सांगायचं तर मी सकाळीच गुपचूप दुकानात डोकावून आलो होतो. गणवेशाच्या फळ्या रिकाम्या. लवंगीच्या मापाच्या वरचं काही शिल्लक नाही. हे हिला सांगण्यात अर्थ नव्हता.

१६ तारीख, रविवार
उद्या शाळा. सर्व तयारी पूर्ण. लवंगीनं एकदाचे जोर लावून बूट चढवले आणि उभी राहिली. म्हणाली, होतायत बाबा. बघा! मी म्हणालो होतो ना. चालताना थोडी लंगडत होती. नवे बूट चावतातच.

झोपायला जाताना विचारलं, बाबा, रांगेत पहिलं उभं राहिलं तर काही बिघडतं का? म्हणालो, अजिबात नाही, पहिल्याला सगळं स्पष्ट दिसतं. हो म्हणाली. 

१७ तारीख, सोमवार. सकाळी
गेली दोघं. धाकट्याच्या पँटला सेफ्टी पिन. खरेदी यशस्वी म्हणायला हरकत नाही.

सोमवार. संध्याकाळी
ऑफिसातून आलो तर लवंगी दारात. बूट हातात. उजव्याचा तळ उघडलेला, मोजे काळे. मी बूटवाल्याला शिव्या घालणार तेवढ्यात ती ओरडली, बाबा, मी चौथी!

चौथी कसली? रांगेत चौथी. पुढे तीन जणी.

मी म्हणालो, नव्या मुली आल्या असतील, बुटक्या. म्हणाली, नाही, त्याच आहेत सगळ्या. मग बाईंनी चुकीचं उभं केलं असेल. म्हणाली, बाईंनी आधी पहिलीच उभी केली होती, सवयीनं. मग डोक्यावर हात ठेवून बघितला आणि मागे मागे नेलं.

मला हे पटेना. तिला चौकटीपाशी नेलं आणि कायमचा निकाल लावायचा म्हणून खात्याची टेप काढली. टेपवर शिक्का आहे. आधी गेल्या वर्षीची रेघ मोजली, शेजारी माझ्याच अक्षरात आकडा होता. टेपवर आकडा जास्त आला. परत मोजली. जास्तच.

म्हणजे रेघ वर गेली? पेन्सिलीच्या रेघा चालत नाहीत. टेपचं दुसरं टोक कुठे टेकलंय ते बघायला खाली वाकलो. फरशी. नवी, चकचकीत, जुनी उखडून खाली बसलेली. चांगली तीन बोटं खाली.

तिथेच बसून राहिलो. काटा शून्यावर नव्हता. शून्य मीच उचलून खाली ठेवलं होतं, आणि वर सपाट घराचं कौतुक केलं होतं.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं लवंगीचे काळे मोजे उचलले आणि धुवायला नेले.

लवंगीला समजावून सांगितलं, तू तीन बोटं वाढलीस. वाटलं, उड्या मारेल. तिनं विचारलं, म्हणजे माझे पाय सुजले नव्हते?

नाही म्हणालो.

तेव्हा धाकटा म्हणाला, मग ही रोज बादलीत पाय घालून का बसायची? गार पाणी ओतून? लवंगी म्हणाली, सूज उतरावी म्हणून. बाबांनी आणलेले बूट व्हायला पाहिजेत ना.

मला तिच्याकडे बघवेना. इतक्या दुकानदारांना पकडलं, पण कोणाच्या काट्यानं एवढी फसवणूक केलेली मी पाहिली नाही. माफी मागायला तोंड उघडलं आणि नुसता खोकलो. तिनं पाणी आणून दिलं.

१८ तारीख, मंगळवार
रजा टाकली. लवंगीला घेऊन बूटवाल्याकडे गेलो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, फळी न्यायला आलात? मी म्हणालो, मोजा. त्यानं मोजलं. मी दुसरीकडे बघत होतो.

तिच्या मापाचे संपलेत. पुढच्या आठवड्यात येतील. तोवर एक नंबर मोठे मिळाले, पुढे कापूस भरून. टाच जाड आहे. मी काही म्हणालो नाही. स्कर्ट मिळालाच नाही, ही जुन्याला खाली पट्टी जोडते आहे. धाकटा पिनेवर.

संध्याकाळी लवंगी म्हणाली, बाबा, आता मी तुम्हाला मोजते. चौकटीशी उभं केलं, स्टुलावर चढली, गुण्या डोक्यावर दाबून ठेवला. मग खाली उतरून टेप लावली. टोक आधी फरशीवर नीट टेकवलं, आकडा माझ्या जुन्या आकड्याशी ताडून बघितला. पुन्हा मोजलं.

म्हणाली, बाबा, तुम्ही एक बोट कमी झालात.

विचारलं, फरशी धरून?

म्हणाली, फरशी धरून.