दोन झाडांच्या चिठ्ठ्या

बाबा, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि मी आता कॉलेजात जाते. दर रविवारी सकाळी जालन्याहून गाडी पकडून संभाजीनगरला. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग विचारलं असतं, या वयात काय शिकायली. कंपनीला पैसा कसा उभा करतात आणि नव्या वस्तूची किंमत कशी ठरवतात, ते शिकते. कॉर्पोरेट फायनान्स आणि इनोव्हेशन असं त्याचं नाव आहे. धंदेवाल्या घरातल्या माणसांसाठी वर्षभराचा कोर्स आहे. पदवी लागत नाही, कुठल्या कंपनीत संचालक असलं की पुरतं. आणि मी संचालक आहे. ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिरांनी नवीन जालन्यात बियाण्याची कंपनी काढली तेव्हा कागदावर आणखी एक नाव हवं होतं, ते माझं टाकलं. वीस वर्षं कागद आला की मी पिठाचे हात पुसून सही करायचे आणि परत तव्याकडे वळायचे. चार वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर एकदा सही करण्याआधी मी कागद वाचायला घेतला, आणि दोन पानं वाचून होईतो घाम फुटला. नववीत शाळा सुटली तरी मी हाताला लागेल ते पुस्तक वाचत आले, तुम्हाला माहीतच आहे. पण माझ्याच सहीचा कागद मला कळत नव्हता. म्हणून गेले.

वर्गात माझ्याएवढं वय कुणाचं नाही. मॅडम तिशीतल्या आहेत, फळ्यावर भरभर लिहितात आणि मध्येच माझ्याकडे बघून थांबतात, माझं लिहून होईपर्यंत. एक गोष्ट मात्र मला सगळ्यांच्या आधी समजली. कंपनी उद्या जे कमावणार, त्याची आजची किंमत काढायची असते. त्या कमाईत धोका जितका जास्त, तितका टक्का मोठा धरायचा, आणि टक्का मोठा झाला की किंमत लहान होते. म्हणजे भीतीचा हिशेब. आपण भीती पोटात ठेवतो, तिथं ती टक्क्यात मांडतात. मला ते बरं वाटलं होतं. घरी येऊन भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कॉलेजात जायला लागल्यापासून घरात चहा कमी अन् मीटिंगाच जास्त व्हायल्या." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला विचारलं, तो टक्का कसा काढतात म्हणून.

मग मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या घरच्या कंपनीची किंमत काढायला सांगितली. मी गोदाम लिहिलं, बी चाळायचं यंत्र लिहिलं, टेम्पो लिहिला. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाल्या, ताई, हे सगळं बाजारात मिळतं, तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्याला बाजारात मिळणार नाही? मी म्हणाले, तूर. आमच्या तुरीला मर लागत नाही. शेजारच्या रानातली तूर उभी वाळून जाते, आमची हिरवी राहते, त्या एका वाणावर आमची कंपनी उभी आहे. मॅडमना फार आनंद झाला. हीच तर नवनिर्मिती, म्हणाल्या, आता तिचं मूळ लिहा, कुणी तयार केली, कशापासून केली. मी विचारलं, मूळ सांगता येत नसेल तर? त्यांना वाटलं, मी नुसती शंका विचारते आहे. म्हणाल्या, मग तिची किंमत शून्य धरा, आणि खरा मालक दुसराच निघाला तर भरपाई द्यावी लागते, म्हणजे ती शून्याच्याही खाली जाते. वर्ग हसला. मी वहीत एक शून्य काढलं. परत येताना बदनापूर स्टेशन आलं, तेव्हा खिडकीकडे पाठ करून बसले.

त्या स्टेशनापुढच्या सरकारी शेतावर, जिथं तुरीचे नवे वाण तयार करायचे, तुम्ही मजूर म्हणून लागला होता. अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी तुम्हाला चिठ्ठ्यांचं काम दिलं. निवडलेल्या प्रत्येक झाडाला मेण लावलेल्या कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची, तिच्यावर जांभळ्या पेन्सिलीनं आकडा लिहायचा, त्या आकड्यावरूनच झाडाचं मूळ कळायचं. पेन्सिलीचं टोक तुम्ही जिभेवर ओलं करायचा, त्यामुळे तुमचा खालचा ओठ हंगामभर जांभळा असायचा आणि आई त्यावरून तुम्हाला चिडवायची. मी अकरा वर्षांची आहे. भाकरी घेऊन आले आहे. रात्री वारं सुटलं होतं आणि तुरीच्या दोन झाडांच्या चिठ्ठ्या तुटून सरीत पडल्या आहेत. तुम्ही पलीकडच्या तुकड्यात आहात. मला आकडे वाचता येतात याचा मला भारी गर्व आहे. मी दोन्ही चिठ्ठ्या उचलते, दोन्ही उघडी झाडं बघते, एक याला बांधते, एक त्याला, आणि तुम्ही शाबासकी द्याल म्हणून पळत सांगायला येते.

तुम्ही त्या झाडांपाशी आला, दोन्ही चिठ्ठ्या उलटून बघितल्या. मग विचारलं, "बघून बांधल्या का अंदाजानं?"

मी म्हणाले, बघून.

तुम्ही पुन्हा तेच विचारलं, आवाज न चढवता. मला रडू आलं. तेव्हा तुम्ही खाली बसून म्हणालात, "पडलेली चिठ्ठी पडलेलीच राहू द्यायची, बाई. माहीत न्हाई तर माहीत न्हाई म्हनायचं. चुकीच्या चिठ्ठीपेक्षा उघडं झाड बरं."

मग तुम्ही साहेबांकडे गेला आणि आपल्याच हातून चूक झाली म्हणून सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. दोन्ही झाडं तुम्हीच उपटली आणि बांधापलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकायला माझ्याकडे दिली, जाळायला. वर तुम्हीच साहेबांना म्हणालात, हे काम आता दुसऱ्याला द्या, माझ्यावर भरवसा ठेवू नका. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्या शेतावर पाणी दिलं. पेन्सिल मला दिली. आता तू लिही, एवढंच म्हणाला. आईचा चिडवायचा विषय संपला.

खड्ड्यापाशी गेल्यावर मी एक मूठ शेंगा तोडल्या, बाबा. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. का तोडल्या तेही सांगता येत नाही. भरलेली झाडं होती, जळणार म्हणून वाईट वाटलं असेल, किंवा शेंगा आवडायच्या म्हणून. कुठल्या झाडाच्या, तेही माहीत नाही. दोन्ही एकमेकांवर पडलेली होती. खायला म्हणून नेल्या आणि खाल्ल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांचे वाळलेले दाणे परसात न्हाणीच्या पाण्यावर टोकले, आईला म्हटलं, शाळेतून बी दिलं. दरवर्षी ती तूर यायची. आई शेंगा मीठ घालून उकडायची. तुम्ही एकदा त्या झाडांपाशी थांबून एक शेंग फोडलीत, दाणे तळहातावर घेतलेत, बराच वेळ बघितलेत आणि परत मातीत टाकलेत. त्या संध्याकाळी आईनं उकडलेल्या शेंगांची पाटी पुढे केली तेव्हा म्हणालात, मला नको, पोट जड हाय. पुढेही त्या शेंगा तुम्ही कधी खाल्ल्या नाहीत. तुम्ही ओळखलं होतं का? हा प्रश्न मी तुम्ही असताना कितीदा ओठांवर आणला आणि गिळला.

लग्न होऊन मंठ्याकडे गेले तेव्हा आईनं डब्यात तीच तूर बांधून दिली. सासरी तिला माहेरची तूर म्हणायचे. एका वर्षी रानातली सगळी तूर मर लागून गेली आणि बांधाकडेच्या आमच्या दोन ओळी उभ्या राहिल्या. ह्यांनी त्या ओळींपाशी दोन दिवस काढले. पुढे दहा वर्षं निवडून निवडून त्यांनी त्याचा वाण केला. ते कष्ट त्यांचे होते, त्यात काही खोटं नाही. बी कुठलं म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. माहेरची तूर म्हटल्यावर विचारायचं काय राहतं?

आता हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीला आमची कंपनी विकत घ्यायची आहे, त्या तुरीसाठी. त्यांनी कागद पाठवला, वाणाचं मूळ बी कुठून आलं ते संचालकांनी लिहून सही करायची. भाऊजींनी लिहिलं होतं, शेतकऱ्याच्या रानातून निवडलं. गेल्या आठवड्यात त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला, आणि कॉलेजानं बोलायला लावलं की तुम्ही, कुणास ठाऊक, मी म्हणाले, हे असं नाही.

"मंग कुठून आली तूर?"

भाऊजी वाईट माणूस नाही, बाबा. ह्यांच्या आजारपणात रात्र रात्र बसले आहेत. पण गोदामात बी निवडणाऱ्या बावीस बाया डोळ्यापुढे आल्या, शून्य आलं, शून्याखालचं सगळं आलं. आणि मी म्हणाले, "बाबांनी दिली. ते सरकारी शेतावर होते ना."

एवढ्या सहज निघालं तोंडातून. तुम्ही माझ्यासाठी एकदा खोटं बोलला होता, ते मी जणू साठवून ठेवलं होतं. भाऊजींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग वकिलाकडे गेले आणि दोन दिवसांनी नवा कागद आला. त्यात लिहिलं आहे की तुम्ही आपल्या परसात वर्षानुवर्षं निवड करून हा वाण तयार केला. भाऊजी खूश होते. "नाव होईल त्यांचं, वहिनी," म्हणाले, "अन् गेलेल्या मानसाला कोन काय विचारनार हाय?" तेव्हापासून मला झोप नाही. कुणी खोदून बघितलं तर तुम्ही चोर ठरता, नाही बघितलं तर शास्त्रज्ञ. आणि तुम्ही तर फक्त दोन झाडं उपटली होती.

आज रविवार असून मी कॉलेजात गेले नाही. उद्या हैदराबादची माणसं येणार आहेत, आणि भाऊजी आज दहाला सही झालेला कागद न्यायला येतील. तुमच्या नावावर मी रेघ मारली आहे. खाली जागा नव्हती म्हणून मागच्या बाजूला लिहिलं, की अकरा वर्षांची असताना सरकारी शेतावर उपटलेल्या तुरीच्या दोन झाडांच्या शेंगा मी न विचारता घेतल्या, कुठल्या झाडाच्या ते माहीत नाही, वडिलांना मी सांगितलं नव्हतं. मग सही केली. अक्षर वाकडं आलं. भाऊजी ओरडणार नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटते. ते खुर्चीत बसतील, चष्मा काढतील आणि कागद दुसऱ्यांदा वाचतील. त्या बायांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. मॅडमना विचारलं तर त्या टक्का सांगतील, आणि तो बरोबरही असेल, पण भाऊजींच्या त्या दुसऱ्या वाचण्याला तो लागू पडत नाही.

हे सगळं कॉलेजच्या वहीत मागून लिहिते आहे. फाडून पाठवायचं कुठं? वही तशीच राहील. आणखी एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी बाया घरी गेल्यावर मी गोदामातल्या पोत्यातून एक मूठ तूर काढली आणि आईच्या त्या डब्यात ठेवली. कंपनी विकली गेली काय, मोडली काय, ती तूर माझी राहणार नाही म्हणून. कुणाला विचारलं नाही. आज सकाळी डब्यात चिठ्ठी मात्र टाकली, कधी काढली, कुठून काढली, कुणी काढली ते लिहून, तुमच्या पेन्सिलीच्या उरलेल्या तुकड्यानं. ओठ जांभळा झाला आहे. भाऊजी यायच्या आत धुवायला पाहिजे, पण अजून उठले नाही.