हात सुजलाच नाही

राहुरीजवळून, मार्गशीर्ष

प्रिय पुष्पे,

आजीचा आशीर्वाद. हे पत्र शाळेतल्या विमलबाई लिहीत आहेत. मी ‘हाय’ म्हटलं की त्या ‘आहे’ लिहितात, तेव्हा म्हातारी एकाएकी सुधारली असं समजू नकोस. घरातल्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं हे नाही.

माझे धाकटे दीर, तुझे भिमाजी आजोबा, नगरला दवाखान्यात आहेत. टीबी निघाला. सुया-गोळ्या चालू आहेत. शेजारच्या खाटेशी भांडतात म्हणे, म्हणजे बरे होणार. त्यांच्यापायी आपल्या घरादाराच्या हाताला नर्सबाईनं टीबीच्या तपासणीची सुई टोचली आणि दोन-तीन दिवसांनी बघायला आली. तुझ्या बापाचा हात लाल, तुझ्या भावाचा, सोपानचा लाल, तुझ्या आईचा तर पुरीसारखा टम्म. तिनं वर हळद-चुना थापला आणि आता आपण सगळे गेलोच म्हणून पदर डोळ्याला लावला. माझा हात मात्र सपाट. नर्सबाई कागदावर मांडून पुढच्या घरी गेली आणि इकडं आपल्या घरानं निकाल लावला: सुजला तो आजारी, नाही सुजला तो निरोगी. सोपाननं माझ्या तोंडात साखर घातली. एवढं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं.

सोपानच्या बायकोला माहेरी सोनईला मुलगा झाला, ते तुला कळलंच असेल. येत्या गुरुवारी ती बाळाला घेऊन येते. आता ठरलंय असं, की बाळाला बाकी कुणी शिवायचं नाही. पायावर घेऊन न्हाऊ घालायचं ते मी, शेक द्यायचा तो मी, कुशीत निजवायचं तेही मीच.

तू दिवाळीला आलीस तेव्हा चुलीपुढं बसून पुण्याच्या प्रयोगशाळेतलं सांगत होतीस. मी भाकरी थापत होते म्हणून ऐकत नव्हते असं तुला वाटलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी काचेच्या बशीत नुसत्या ठेवल्या तर मरतात, पण दुसऱ्या पेशी ज्या पाण्यात राहून गेल्या ते पाणी घातलं की जगतात, वाढतात. एक पेशी जंतू ओळखते आणि रस सोडते. ज्यांच्या अंगावर त्या रसाला बसायला जागा असते त्याच जाग्या होतात, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. ती जागा अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण असणारच, असं तुझे साहेब म्हणतात. मला ते इर्जिकीसारखं वाटलं. एकानं हाळी द्यायची, ज्याच्या दावणीला बैल असतील त्यानं औत घेऊन यायचं, की दुपारपर्यंत रान माणसांनी भरून जातं. सुजलेला हात म्हणजे भरलेलं रानच की गं! जंतू ओळखीचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग तुझी आई आजारी कशी?

आणि माझं रान रिकामं का? जंतू कधी शिवलाच नाही म्हणून? भिमाजी माझ्या चुलीपुढं जेवला, त्याची थुंकीची वाटी मी धुतली. की जंतू आत आहे, पण अंगात हाळी द्यायलाच कुणी उरलं नाही? की हाळी दिली, पण ऐकून उठणारं कुणी नव्हतं? भादव्यापासून मला खोकला आहे. संध्याकाळी अंग तापतं. पाटल्या कोपरापर्यंत सरकतात. घरात म्हणतात, म्हातारपण. मी बाळाला घेणार नाही म्हटलं, तर तुझी आई फणकारली, सासूबाईंना आता पणतवंडाचंही जड झालं.

म्हणून हे पत्र. अडाणी बाईचा हिशेब चुकला असेल तर पोट धरून हस, पण हसायला इथं येऊन हस. गुरुवारच्या आत ये. मला नगरला ने, माझी थुंकी तपासून घे. चांगली निघाली तर बाळाला मी न्हाऊ घालीन. वाईट निघाली तर घरच्यांना तू सांग, माझ्या तोंडून त्यांना ती सबब वाटते. आणि सुजल्या हाताची तुझी आई बाळाला घेऊ शकते का, ते डॉक्टरांना विचारून तिला समजाव. चालत असेल तर मी लांब उंबऱ्यावर बसून तिला सांगत जाईन, पाणी किती ऊन हवं आणि पाय कसे जोडायचे. बाई रडेल, चिडेल, पण शिकेल.

तुझीच वाट बघणारी, खोडकर
आजी