वेलींखालची पिवळी पट्टी

रीटवाइलर, १२ मे

ती. ओटीलीआत्यास इर्मेलाचा सा. न. वि. वि.

अपेंडिक्सचे टाके निघाले, मी घरी आले. डॉक्टरांनी महिनाभर वाकायला मनाई केली आहे. द्राक्षमळ्यात न वाकता होणारे काम एकच, काळजी. ते मी नेमाने करते.

जूनमध्ये तुम्ही येणार आणि काल्कबेर्ग टेकडीवरचा, मी कसते तो तुमचा मळा माझ्या नावे करायचा की शेजारगावच्या मोठ्या वाइनरीला विकायचा, हे ठरवणार. म्हणून आधीच सांगून ठेवते: वेलींखाली गवत आहे, रानफुले आहेत, आणि माझ्या मळ्याला कोणीतरी कंगवा दाखवावा असे गावाचे मत आहे. शेजारचे एमिलकाका कुंपणावरून रोज विचारतात की काय गं, आज ससे किती मोजलेस? त्यांच्या वेलींखालची जमीन फरशीसारखी स्वच्छ. दोघांचीही रीसलिंग वाइन चांगली लागते. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही, तुम्हाला सांगते.

लोभ आहेच, येताना तो सोबत आणावा.

इर्मेला

हुजुम, १७ मे

चि. इर्मेलास अनेक आशीर्वाद.

समुद्रावर वारा आहे, गुडघे ठीक आहेत. खत व्हावे म्हणून गाईच्या शिंगात शेण भरून ते पुरून ठेवणाऱ्या बाईने स्वतःच्या पोटाचीही तेवढी निगा राखावी.

तुझ्या बापाने आणि मी चाळीस वर्षे वेलींखाली काडी उगवू दिली नाही. हा टोमणा नव्हे. टोमणा पुढे आहे. परवा कोणीतरी मळ्याचा फोटो पाठवला. मला वाटले कुरण आहे, म्हणून मी आधी त्यात गाई शोधल्या.

तू पडून राहा. एक छोटी भेट धाडली आहे, टपालाने येणार नाही. आभारांची घाई करू नकोस.

आत्या

रीटवाइलर, २६ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुमची भेट अजून पोचलेली नाही.

काल पहिल्यांदाच काल्कबेर्गवर चालत गेले. प्रत्येक ओळीखाली हातभर रुंद पिवळी पट्टी, दोरी लावून आखल्यासारखी सरळ. तणनाशक. घरी येते तो एमिलकाका रुबार्बच्या देठांचा केक घेऊन दारात. म्हणाले की पोरी, तू अंथरुणात, त्यात आत्याबाई येणार, म्हटलं जरा भांग पाडून देऊ. आणि साधं औषध नाही हं, माझ्या वेलींसाठी ठेवलेलं भारीतलं मारलंय. तुम्हाला कोणी सांगितले होते का, असे विचारले तर केककडे बघत म्हणाले की यंदा रुबार्ब आंबट निघालाय. मी खाऊन पाहिला. आंबटच होता.

नियम साधा आहे. सेंद्रिय शेती तपासणाऱ्या संस्थेला कळवायचे. मग त्या मळ्याचा ‘सेंद्रिय’ हा शिक्का जातो आणि तो परत मिळवायला तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून. माझी बरीच गिऱ्हाइके शिक्का बघून बाटली उचलतात. न कळवावे, तर जुलैपर्यंत गवत परत येईल आणि पट्टी आम्हा दोघांशिवाय कोणी पाहिलेली नाही. आज सकाळी शिंगातले खत पाण्यात तासभर ढवळत बसले होते, आणि तो सगळा वेळ पकडले जाण्याची शक्यता किती, हाच विचार करत होते. ते पाणी नंतर फवारले नाही. अशा मनाने ढवळलेले चालते का, हे कुठे दिलेले नाही.

तुम्ही काय केले असते ते कळवावे. रागवायचे असेल तर लोभ शाबूत ठेवून रागवावे.

इर्मेला

हुजुम, १ जून

चि. इर्मेलास आशीर्वाद.

भेट पोचली आहे. ती पट्टी हीच भेट. एमिलने मला दोनदा विचारले होते की पोरगी भडकली तर? मी म्हटले, शिकलेली आहे, आभार मानेल. त्याच्यावर राग काढू नकोस.

मी गप्प बसले असते. तूही गप्प बस. शिक्का गेला, गिऱ्हाइके गेली, तर हा मळा तुला पेलणार नाही, आणि न पेलणाऱ्याच्या गळ्यात मी तो बांधणार नाही. मोठ्या वाइनरीला विकून टाकीन. ही धमकी नव्हे. मी एक्याऐंशी वर्षांची आहे, मला धमक्या द्यायला वेळ नाही.

पोटाला जप.

आत्या

रीटवाइलर, ७ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी कळवले.

काल तपासनीस बाई येऊन पट्टीचे फोटो काढून गेल्या. हे कोणी केले, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, जवळच्या माणसांनी, प्रेमाने. त्या म्हणाल्या की ‘प्रेमाने’ हे कुठे लिहू, त्याला रकाना नाही. शिक्का गेला.

तत्त्वासाठी केले, असे म्हणायला मला आवडले असते. पण गिऱ्हाइके मळा बघायला येतात, आणि खोटे बोलताना माझी मान लाल होते. तीन वर्षे जूनमध्ये मफलर घालून हिंडणे मला जमले नसते. यात प्रामाणिकपणा किती आणि भित्रेपणा किती, ते अजून मोजते आहे.

एमिलकाका रोज संध्याकाळी येतात, ओळींमधले गवत हाताने कापून देतात आणि ससे किती ते न विचारताच जातात. ते विचारत होते तेव्हा बरे होते.

मळा विकणार असाल तर लवकर सांगा. या वेलींशिवाय राहायची सवय करायला मला वेळ लागेल.

लोभ कमी झाला असल्यास तसे स्पष्ट लिहावे.

इर्मेला

हुजुम, १५ जून

चि. इर्मेलास आशीर्वाद.

मी येत नाही. तिकीट परत केले आणि नोटरीकडे जाऊन आले. काल्कबेर्ग तुझ्या नावे करायचे कागद तयार आहेत, बरी झालीस की येऊन सही कर. कारण विचारू नकोस, मला अजून पटलेले नाही.

अट एकच. तीन वर्षे त्या बाटलीवर शिक्क्याची जागा रिकामी राहणार. रिकामी जागा बरी दिसत नाही. तिथे ठळक छापायचे: ‘या वेलींखाली तणनाशक मारले गेले. मारायला सांगणारी, ओटीली शोवाल्टर.’ एमिलचे नाव घालायचे नाही, त्याला गावात राहायचे आहे.

पहिली पेटी इकडे पाठव. मी एके काळी वाइन करत होते, यावर इथल्या म्हाताऱ्यांचा विश्वास बसत नाही. आता छापील दाखवता येईल.

लोभ आहे तेवढाच आहे.

आत्या