नीरजासाठी कॅथेटर निवडताना

वारजे, पुणे
१२ जानेवारी २०२६

प्रिय हेमा,

अनेक आशीर्वाद. नवा गुडघा काय म्हणतो? जिने टाळ, व्यायाम टाळू नकोस. इकडे थंडी बरी आहे आणि नळाला पाणी एक दिवसाआड. खडकवासल्याच्या कालव्यावर मी सगळी नोकरी काढली, तरी पाणी मला ओळख देत नाही, असं तुझी ताई म्हणते.

फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. फोनवरचं माझं बोलणं घरभर ऐकू जातं आणि तुला काहीही कळवायचं नाही अशी तुझ्या नीरजाताईची सक्त ताकीद आहे. कळलं तर तू वॉकर घेऊन मिरजेहून निघशील, हे तिचं म्हणणं. ते खरंही आहे.

तर ऐक. काही महिन्यांपासून तिच्या हृदयाचा ताल बिघडलाय. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. औषधांनी फरक पडेना, म्हणून येत्या गुरुवारी अ‍ॅब्लेशन ठरलंय. मांडीच्या शिरेतून कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयात नेतात आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती व्रण करतात. मग तिथून निघणारे चुकार विद्युत संदेश अडतात. छाती उघडत नाहीत, तेव्हा घाबरू नकोस.

आता कॅथेटर कोणता, हा प्रश्न. एक उष्णतेचा, टोकाने ठिपक्याला ठिपका जोडत जाणारा. वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, पण वेळ जास्त लागतो, आणि हृदयाच्या मागेच अन्ननलिका असते, तिला धग लागू नये म्हणून जपावं लागतं. दुसरा थंडीचा. शिरेच्या तोंडाशी छोटा फुगा फुगवून तिथला भाग गोठवतात. काम लवकर होतं, पण श्वासाच्या पडद्याची नस जवळून जाते. तिसरा नवा, विजेच्या क्षणिक झटक्यांचा. तो आजूबाजूला फारसा धक्का लावत नाही म्हणतात. पण वीस वर्षांनी काय, ते अजून कुणालाच माहीत नाही.

डॉक्टर सुरुची वयाने लहान आहेत, पण माझे सगळे प्रश्न त्यांनी ऐकून घेतले. शेवटी नीरजानेच मला थांबवलं. "अहो, माझं हृदय आहे ते. तुमचा कालवा नाही."

मग तिने स्वतः एकच विचारलं. "मी अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. लांबलचक वाक्यं असतात. दम पुरेल ना?"

"थंडीच्या फुग्याने ती नस क्वचित दुखावते," डॉक्टर म्हणाल्या, "पण बहुतेकदा पूर्ववत होते."

तो 'बहुतेकदा' मी घरी घेऊन आलो. तेव्हापासून इंटरनेटवर वाचतोय. डॉक्टरांच्या मते तिन्हींचे निकाल जवळपास सारखेच येतात, फरक पडतो तो करणाऱ्या हाताने आणि रुग्णाच्या हृदयाने. तरी मी वाचतोय. नीरजाने तिसरा सांगून टाकला आणि भाजी निवडायला बसली.

वर सगळं लिहिलं, पण घाई कशाची ते लिहिलं नाही. मागच्या महिन्यात सकाळी गॅसवर दूध उतू जात होतं. नीरजा समोर उभी होती. म्हणाली, "अहो, खिडकी बंद करा." मी म्हटलं, खिडकी बंदच आहे. ती पुन्हा म्हणाली, "खिडकी." बोट गॅसकडे होतं. मग तिच्या लक्षात आलं की शब्द चुकतोय, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, हेमा, की ते मला लिहिता येत नाही. थोड्या वेळाने सगळे शब्द परत आले. मेंदूला जाणारं रक्त क्षणभर अडलं होतं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं आणि गुठळी होते. साचलेल्या पाण्याचं काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

तिला फोन केलास तर गुडघ्याबद्दलच बोल.

तुझा,
श्याम भावोजी


वारजे, पुणे
३ मार्च २०२६

प्रिय हेमा,

तुझं पत्र पोचलं. फोनवर एका शब्दानेही उघड केलं नाहीस, तुझे उपकार आहेत. तिला वाटतं तुला काही माहीत नाही, आणि त्या वाटण्याचा तिला आधार आहे.

त्या गुरुवारी काहीच झालं नाही. आधी घशातून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी करतात. ती करून डॉक्टर बाहेर आल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"काका, आज नाही. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात गुठळी दिसतेय. गोळी चालू असूनही झाली."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग दुसरा कॅथेटर चालेल का? उष्णतेचा?"

"कोणताच नाही. कुठलाही आत नेला तरी ती सुटून मेंदूत जाऊ शकते."

इतके दिवस मी तीन नळ्यांचे गुणदोष घोकत होतो, आणि ते नखाएवढं रक्त तिथे निवांत बसलं होतं. औषध बदललं. पुढचे आठवडे कसे गेले ते विचारू नकोस. नीरजा रेकॉर्डिंग करत राहिली. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. ती जरा थांबली की मी दाराला कान लावायचो. बहुतेक वेळा ती नुसतं पान उलटत असायची.

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासलं. गुठळी विरघळली होती. त्याच दिवशी केलं, तिसऱ्याच पद्धतीने. दार उघडून नर्सने "नीरजाबाईंचे नातेवाईक?" अशी हाक मारली तेव्हा मी बसल्या जागेवरून हात वर केला. शेवटी त्याच माझ्यापर्यंत आल्या.

भूल उतरल्यावर डॉक्टरांनी तिला माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण? नाव सांगा." तिने डोळे किलकिले केले. माझ्याकडे पाहत राहिली.

"नाव घ्यायला लावताय होय," ती म्हणाली. आणि मग अगदी स्पष्ट, "श्याम."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. उखाण्याशिवाय माझं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

ताल सध्या जागेवर आहे. सुरुवातीचे काही आठवडे मधूनच बिघडू शकतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. गोळी चालूच राहणार. नीरजा पुन्हा वाचायला बसते, मोठी वाक्यं एका दमात संपवते. ती बरी आहे.

मी नाही. ती गप्प बसली की मी काहीतरी विचारतो. कुठली भाजी आणू, चष्मा कुठे ठेवलास. उत्तर आलं, शब्द बरोबर आले, की मग मी वर्तमानपत्राकडे वळतो. काल तिने विचारलं, "अहो, माझी परीक्षा घेताय का?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही.

हेमा, गुडघा साथ देत असेल तर थोडे दिवस ये. ती विचारेल, कुणी बोलावलं म्हणून. मी बोलावलं असं सांग. तुझ्या ताईला सोबतीची गरज नाही. तू घरात असलीस तर मला दुपारी थोडं झोपता येईल.

वाट पाहतो.

श्याम