करकोच्याच्या पायांशी

८ जानेवारी

चि. धाकट्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

शाळा सुटल्यावर आईच्या ऑफिसबाहेर तिची वाट बघत उन्हात उभे असायचो आपण, आठवतं? आत गार फरशीचा भलामोठा हॉल आणि दारात तो मिशाळ पहारेकरी. मुलांनी बाहेर थांबायचं, एवढं एकच वाक्य त्याला येत होतं. तू माझ्या सावलीत उभा राहायचास आणि मी जरा हलले की भोकाड पसरायचास.

टॉवरचे नकाशे काढताना तळमजला मी उघडा ठेवला, तो त्या उन्हापायी. एवढी उंच इमारत नुसत्या खांबांवर उचलली. खाली भिंत नाही, दार नाही. मधोमध लिफ्ट आणि तिच्याभोवती दगडी बाक. लोक तिला करकोचा म्हणू लागले तेव्हा साहेबमंडळी चिडली. मला तर आवडलं.

आता नव्या मालकांना करकोच्याचे पाय काचेत बंद करायचे आहेत. कार्ड दाखवल्याशिवाय आत पाऊल नाही. पण जुन्या करारानुसार तळमजल्यात बदल करायचा तर माझी सही लागते. त्यांचे दोन तरुण येऊन खूप गोड बोलले. शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं तसं पाठ ताठ ठेवून मी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. मग त्यांना चहा दिला.

बिट्टीला माझा पापा दे. एवढी मोठी आर्किटेक्ट झाली तरी घ्यायलाच हवा म्हणावं.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. ते काचेचं काम कुणाकडे आहे ठाऊक आहे? बिट्टीच्या कंपनीकडे! साहेबांनी तिलाच सांगितलंय, आत्याची सही आण, हे काम तुझं. नाहीतर दुसरी नोकरी बघ. पोरगी धड जेवत नाही. तुला सांगायची तिची हिंमत होत नाही, म्हणून मी लिहितोय.

ताई, त्या इमारतीत तू काय राहायला जाणार आहेस? लहानपणी पत्त्यांत हरायला लागलीस की डाव मोडून उठायचीस, तसंच चाललंय तुझं. पुढच्या महिन्यात तुझं हृदयाचं ऑपरेशन आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू आहेस तोवरच हा अडसर. काच उद्या लागणारच असेल, तर आज आपल्या पोरीच्या हातून लागू दे. बुधवारी रजा काढून ती कागद घेऊन येते आहे. तिला रडवून परत पाठवू नकोस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा


२४ जानेवारी

चि. धाकट्यास,
रागावलेल्या ताईचेही आशीर्वादच.

बिट्टी आली, पण कागद काही पर्समधून निघेना. मीच म्हटलं, चल, आधी टॉवरखाली जेवून येऊ, मग सहीचं बघू. डबे घेऊन बाकावर बसलो. शेजारी परीक्षेचं पाठ करणाऱ्या दोन मुली होत्या, पलीकडे उशाला बूट घेऊन घोरणारा एक कुरियरवाला. रस्त्यावर पान हलत नव्हतं आणि इथे केस उडत होते. बिट्टीने विचारलं, पंखे कुठे लपवलेत? मी सांगितलं, पंखे नाहीत. वर इमारतीवर आपटलेला वारा खाली उतरतो आणि खांबांमधून पळतो. खांब त्यासाठीच वळवून लावलेत.

तेवढ्यात नवा सुरक्षारक्षक आला. म्हणाला, बाहेरच्यांनी उठायचं, वरून हुकूम आहे. मी तोंड उघडण्याआधी तुझी लेक उभी राहिली. बाहेर नेमकं कुठून सुरू होतं ते सांगा, म्हणाली, भिंत दाखवा. तो बिचारा खरंच भिंत शोधायला लागला. सगळा बाक हसला, तोही हसला आणि कुणीही उठलं नाही.

मग बिट्टीने कागद काढला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या डब्याखाली सरकवला. जेवली, अगदी पोटभर. घरी आल्यावर साहेबांना फोन करून कळवलं, आत्या सही देणार नाही आणि मी मागणार नाही. नोकरी बहुतेक जाईल. मी तिला एका शब्दानेही भरीला घातलेलं नाही, हवं तर तिलाच विचार.

आणि मी आहे तोवरच अडसर, हे तुझं चुकलं. माझ्यानंतर मी नेमेन त्या आर्किटेक्टची सही लागेल, असंही करारात आहे. काल वकिलाकडे जाऊन नाव घालून आले. मरायला काही मी ऑपरेशनला जात नाहीये, पण त्या लोकांना तेवढीही आशा नको.

भांडायचं असेल तर ऑपरेशनच्या आधी भांड, नंतर डॉक्टर परवानगी देणार नाहीत. लोभ असाच भांडखोर राहू दे.

तुझी,
ताई

ता. क. टॉवरचं लाकडी मॉडेल तुला. त्याच्या खिडक्या तूच चिकटवल्यास, अर्ध्या वाकड्या. ड्रॉइंगचं मोठं टेबल तुझ्या बायकोला, कापड बेतायला तिला कधीचं हवं आहे. पुस्तकं आपल्या सिस्टरांच्या शाळेला. नाही म्हणायचा हक्क बिट्टीला.