कर्नल लिहून घेत नाही

प्रिय कॅजिटन,

आमच्या लिफ्टनं माझ्यावर जो घोर अन्याय चालवलाय, त्याची दाद मागायला देशात पुरेसं मोठं कोर्ट नाही. सिल्व्हर पार्कात राहणारा, वेळेवर मेंटेनन्स भरणारा, दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेला मी एक्कावन्न वर्षांचा इसम चौथ्या मजल्यावर उतरतो, आणि ही बया गोड आवाजात मला बेसमेंटला आणल्याचं जाहीर करते. आमच्या बिल्डिंगला बेसमेंट नाही. लाइट गेली की दर वेळी हेच. मेकॅनिक येतो, तिला मजले शिकवतो, चहा पिऊन जातो. पुन्हा लाइट गेली की ही पुन्हा कोरी. परवा आमच्या सेक्रेटरी हंसाबेन म्हणाल्या, "जयकुमारभाई, सिखाता तो है वो, पर सेव नहीं करता ना!" मी हो म्हणालो आणि जिन्यानं निघालो. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून बराच वेळ उभा राहिलो. गुडघ्यांचा दोष नव्हता.

बावीस वर्षांनी पत्र येतंय आणि तेही लिफ्टचं, म्हणून तू हसशील. हसलास तर बरंच. तुझं चौक गाव माझ्या घरापासून एका बसच्या अंतरावर आहे, आणि एवढं अंतर कापायला मला बावीस वर्षं पुरली नाहीत. तुझी खबर मात्र ठेवून असतो. बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस म्हणे, हात चांगला आहे म्हणे. कॉम्प्युटरला शिवत नाहीस, फोनवरचं बँकेचं कामसुद्धा लेकीकडून करून घेतोस, हेही कानावर आलं.

काशीमीऱ्याचं आपलं कोल्ड स्टोरेज अजून उभं आहे. मीही आहे, दोघांनाही थोडा गंज चढलाय. तीन नंबरच्या खोलीचा तुझा तो कॉम्प्युटरचा डबाही चालू आहे. त्याला हार्ड डिस्क नव्हती, म्हणून सगळे हसले होते, आठवतं? अख्खी सिस्टीम एका फ्लॉपीत. चालू केला की फ्लॉपीवरून सगळं मेमरीत चढायचं आणि तो थंडीवर पहारा द्यायचा. खोली तापली की भोंगा. त्या सिस्टीमच्या गाभ्याला तू सारखा "कर्नल, कर्नल" म्हणायचास, तर वॉचमन रामूला वाटलं मिलिटरीतला कोणी बडा साहेब तपासणीला येणार आहे. बिचारा दोन दिवस बूट घासून गेटवर सलामीच्या तयारीत उभा होता. त्याला समजावताना तू जे बोललास ते मी अजून विसरलो नाही: "आरं, ह्यो कर्नल आयकतो सगला, पन लिवून घेत न्हाय. लाइट गेली का इसरला. फ्लॉपीवर लिवलेला हाय, तवराच त्याचा."

मग ते नवं कार्ड आलं. थंडी मोजणाऱ्या या कार्डानं कर्नलला कुठल्या नंबरवर हाक मारायची, ते आधी ठरवून द्यावं लागायचं. फ्लॉपीत जुना पाच होता. तू दुपारभर डोकं घालून दहा शोधलास, चालू करताना कर्नलला दहा सांगितलास, आणि कार्ड बोलायला लागलं. तू नाचला होतास. मग तुला बंदरावर जायचं होतं म्हणून जाता जाता मला म्हणालास, "जयू, आता फक्त सेव्ह कर. फ्लॉपीची खिडकी बघ आधी." ती कोपऱ्यातली सरकती खिडकी! जगातली ही एकच खिडकी असेल, जी उघडी असली की आत काही जात नाही.

मी आज्ञा दिली. खिडकी पाहिली नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. बाहेर शेअर रिक्षात एक सीट उरली होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी ओळ वाचली नाही, एंटर दाबलं आणि रजिस्टरात लिहिलं: "सेव्ह. झालं." मराठी माणसाचा हा शब्द फार धोकादायक. काम झालं म्हणूनही वापरतो, कटकट संपली म्हणूनही.

चार दिवसांनी लाइट गेली. आली तेव्हा कर्नल पुन्हा पाचवर कान लावून बसला, कार्ड दहावर ओरडत राहिलं. खोली तापत गेली, भोंगा वाजला नाही. आत तुमच्या चौकच्या बोटींचं पापलेट होतं, तुझ्या चुलत्यांचंसुद्धा. मालक हरिश्चंद्र शेठनी सगळ्यांसमोर तुला विचारलं, नंबर तूच टाकलास ना? तू म्हणालास, हो. ते म्हणाले, म्हणजे चुकीचा टाकलास. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पंख्याकडे पाहत होतो. पंखा बंद होता.

तू कंपनी सोडून गेल्यावर मी काय केलं ते ऐक. ती फ्लॉपी गुपचूप खिशात घातली. दुसरी बनवली, खिडकी नीट लावून, आणि त्यात दहाच ठेवला. डबा तेव्हापासून तुझ्या नंबरवर चाललाय. मला मात्र त्या दुरुस्तीबद्दल पगारवाढ मिळाली, आणि ऑफिसात मी तज्ज्ञ झालो.

बुधवारी तुझी लेक ॲन्ड्रिया आमच्याकडे इंटरव्ह्यूला आली. तिनं तुला सांगितलं नसेल, कंपनीचं नाव ऐकून तू नको म्हणाला असतास. शेठ थकलेत, पण स्मरणशक्ती शाबूत. त्यांनी विचारलं, चौकची? कॅजिटनची? ज्यानं पापलेट सडवलं? पोरगी ताठ बसून म्हणाली, "हो सर. चूक माझीच होती, असं डॅडीच सांगतात." कॅजिटन, मला इतकी वर्षं वाटत होतं की तुला ठाऊक आहे आणि तू मला शिव्या घालतोयस. तू स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलंयस, हे मला माहीत नव्हतं. मी तिथंच शेठना सगळं सांगितलं, ॲन्ड्रियाच्या समोर. शेठ म्हणाले, "बावीस वर्षं फुकटचा तज्ज्ञ पोसला मी." चूक नाही. तिला सोमवारपासून बोलावलंय, यायचं की नाही ते ती ठरवेल. माझं काय करायचं ते शेठ ठरवतील. ती जुनी फ्लॉपी तू स्वतःच्या फ्लॉप्यांच्या खोक्यातून दिली होतीस, परत देतो म्हणालो होतो. याच पाकिटात आहे. काल डबा बंद करून तिच्यावरच चालू केला, कर्नलला दहा सांगितलं, खिडकी लावली, सेव्ह केलं, आणि या वेळी पडद्यावरची ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग खिडकी उघडून ठेवली, म्हणजे आता कोणाला पुसता येणार नाही. तुझा नंबर बरोबर होता.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
जयकुमार